शेजारी आलेत ना?

विश्रांतवाडी, पुणे
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय हिरा,

सप्रेम जयभीम. थोरलीने धाकटीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण सहा वर्षांनी पत्र लिहायचं आणि पहिल्याच ओळीत थोरलेपणा गाजवायचा, हे माझं मलाच बरं दिसेना. म्हणून नुसता जयभीम. भीमरावांनाही सांग. तुझी नात पूर्वा आता पहिलीत असेल ना? तिला माझ्याकडून एक गालगुच्चा, तिला चालत असेल तर.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न फोडताच कपाटावर टाकून देशील अशी धास्ती होती. खालच्या मजल्यावरच्या चैतालीकडून पत्ता लिहून घ्यावा असंही एकदा मनात आलं. मग म्हटलं, तीही फसवणूकच झाली. तेव्हा अक्षर माझंच आहे. फोडलं असशील तर शेवटपर्यंत वाच एवढंच मागणं आहे.

इकडचं सगळं ठीक. साखर आटोक्यात आहे, गुडघे नाहीत. सोसायटीत पाणी दिवसाआड येतं आणि त्यावरून भांडणं मात्र रोज होतात. मी त्या भांडणांना खुर्ची टाकून बसते, टीव्हीपेक्षा बरं असतं. डोळ्यांत पडदा आलाय, उन्हाळ्यानंतर ऑपरेशन करून घ्या म्हणालेत. बाकी अडुसष्टाव्या वर्षी जे व्हायचं ते नेमाने होतंय.

मुख्य बातमी अशी की परवा रविवारी मी महाबळेश्वरला जाऊन आले.

हे त्या चैतालीचं काम. खराडीला नोकरी करते, दिवसभर कानात काहीतरी घालून एकटीच बोलत असते. मागच्या महिन्यात आली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही घरात बसून बसून फर्निचर झालायत. एक वन डे ट्रिप आहे, फक्त सीनिअर सिटिझन्सची. गाइड असतो, नाश्ता-जेवण सगळं इन्क्लुडेड. करू बुक?" माझ्या तोंडून हो निघायच्या आत तिने मोबाइलवर पैसे भरूनही टाकले. पुण्यात हल्ली उपकारसुद्धा विचारून करत नाहीत.

तुला फॅक्टरीची सहल आठवते? अण्णांच्या फॅक्टरीने नेली होती ती. तू दहा-अकराची, मी चौदाची. पसरणीच्या घाटात तुझा चेहरा हिरवट झाला होता. अण्णांनी पुढच्या बाकावरून वळून विचारलं, "हिराला मळमळतंय का गं?" आणि मी म्हटलं, "नाही, बरी आहे ती." पुढच्याच वळणावर तू माझ्या नव्या परकरावर सगळी इडली काढलीस. आपण कितीतरी वर्षं ती गोष्ट सांगून हसत होतो. परवा परतताना त्याच घाटात ती आठवली, पण हसू काही आलं नाही. का ते पुढे सांगते.

सकाळी सहाला सदाशिव पेठेतून बस सुटायची होती. मी पाचलाच रिक्षाने जाऊन उभी. बस छोटीशी, आम्ही सत्तावीस म्हातारे. समाधान नावाचा गाइड, तिशीच्या आतला, वाईजवळच्या खेड्यातला. गळ्यात शिट्टी, बोलणं अगदी शहरी, तोलूनमापून. बस कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्याने माइक हातात घेतला आणि नियम सांगितला. म्हणाला, "मी तुम्हाला मोजत बसणार नाही. प्रत्येकाने फक्त आपला शेजारी लक्षात ठेवायचा. प्रत्येक स्टॉपनंतर मी विचारणार, शेजारी आलेत ना? तुमचा शेजारी शेजारी असेल, तरच आले म्हणायचं. नसेल तर गप्प बसायचं. कोणी गप्प दिसलं की मी बस सोडणार नाही."

मला पद्धत आवडली. गप्प बसण्यालाही काही काम दिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझ्या शेजारी खिडकीत सुशीलाबाई. वय चौऱ्याहत्तर, सदाशिव पेठेतच राहतात, बसपर्यंत चालत आलेल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त. बसल्या बसल्या त्यांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लाडवांचा डबा पुढे केला. त्या दोन क्षणांत कोणाची परीक्षा झाली कोण जाणे, पण लाडू चांगले होते. मग म्हणाल्या, "मी घोरते. आधीच सांगितलेलं बरं." आणि खंबाटकी येईपर्यंत खरंच घोरल्या.

जागेपणी मात्र बाईंची जीभ काय वर्णावी! नाश्त्याला उपमा गार होता, तर वाढणाऱ्याला म्हणाल्या, "फ्रिजमधून काढून थेट आणलात का? एवढी घाई नको होती हो." एका पॉइंटवर समाधान सांगत होता की इथून स्वच्छ हवेत समुद्र दिसतो. बाई म्हणाल्या, "मग आम्ही आलो त्या दिवशी हवा कोणी मळवली?" तोही हसला. मी बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले, हिरा. दोन अनोळखी म्हाताऱ्या कठड्याला टेकून दरीत बघत होतो आणि मला सारखं वाटत होतं, ही जागा हिराची आहे.

जुन्या महाबळेश्वरला सगळे देवळात गेले. मी बाहेरच बाकावर बसले, माझी ती जायची जागा नाही. बाईही बसल्या. म्हणाल्या, "मला देव आहे, पण गुडघे नाहीत." मग विचारलं, "तुमची नोकरी कुठे होती?"

मी सांगितलं, टेलिफोनमध्ये. ट्रंक एक्सचेंजला ऑपरेटर, आणि पुढे सुपरवायझर. आयुष्यभर याचं त्याला जोडून दिलं. बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. त्यांच्या यजमानांचा मुंबईहून ट्रंक कॉल यायचा म्हणे, तेव्हा ऑपरेटर बाई मध्येच "बोला, बोला" म्हणायची. म्हणाल्या, "ती तुम्हीच असाल. तुमच्यामुळे आम्ही कधी लाडाचं काही बोलू शकलो नाही."

मग मी त्यांना आमची शिस्त सांगितली. नवीन मुलींना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवायचे. पलीकडे घंटा वाजते आणि कोणी उचलत नाही, तर इकडच्या माणसाला एवढंच सांगायचं, "घंटा वाजते आहे, उत्तर नाही." "घरी नाहीत" असं म्हणायचं नाही. तुम्ही काय त्यांच्या घरात जाऊन पाहिलंत? कोणाचं उत्तर आपण द्यायचं नाही. आपलं काम जोडून द्यायचं.

हे सांगताना मला माझाच अभिमान वाटत होता. हे लक्षात ठेव.

दुपारी जेवण झालं आणि मग बाजारात दीड तास मोकळा. चपला, चणे, स्ट्रॉबेरी. मी स्ट्रॉबेरीचे दोन खोके घेतले. एक माझा आणि दुसरा कोणाचा, हे पैसे दिल्यावर लक्षात आलं. दोन्ही घेऊन साडेतीनला बसमध्ये येऊन बसले. खिडकीच्या सीटवर बाईंची शाल होती, शालीवर त्यांचा बटवा, बटव्यात त्यांचा मोबाइल. तो त्यांनी सकाळीच काढून ठेवला होता. डोंगर बघायला आले आहे, फोन बघायला नाही, म्हणून.

मांडीवर ते दोन खोके घेऊन मी बसले होते. नागपूरला तुझ्याकडे स्ट्रॉबेरी कशी पाठवावी, पोचेपर्यंत लगदा होईल, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं. समाधानने विचारलं, "शेजारी आलेत ना?" सगळीकडून आवाज आले, आले, आले. मीही म्हटलं, "आले."

मी वळून पाहिलं नव्हतं. शाल दिसत होती तेवढी पुरे वाटली. मागे कोणाशी तरी बोलत असतील, येतील. माझं तोंड आधी चाललं. बस सुटली.

वीस किलोमीटर खाली पाचगणीला आल्यावर समाधान एकेकाच्या हातात चिक्कीचं पाकीट ठेवत आमच्या रांगेपाशी आला. शालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काकू, आजी कुठं आहेत?"

मी आता कुठे वळून मागे पाहिलं. त्याच्या तोंडचं शहर पार गळून गेलं. "अवो, म्हातारी हाय कुठं? तुमीच आले म्हनलासा न्हवं?"

बसमध्ये गलका झाला. एक गृहस्थ म्हणाले, पोलिसांना कळवा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, तिचा फोन तरी लावा. आणि लावलाही कोणीतरी. फोन माझ्या शेजारी, शालीवरच्या बटव्यात वाजू लागला. हिरा, तेहतीस वर्षं मी घंटा ऐकली आहे. पण अशी घंटा मी कधी ऐकली नव्हती.

मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक माझी आहे. मी न बघता सांगितलं." ड्रायव्हरने बाकीच्यांना टेबललँड दाखवायला नेलं. समाधान आणि मी टॅक्सी करून परत वर निघालो.

टॅक्सीत तो बराच वेळ नखं खात होता. मग म्हणाला, "काकू, खरं तर मीच मोजायला पायजे होतं. पन मालक म्हनतो, मोजू नको, मोठ्या मान्सांना शेरडं मोजल्यागत वाटतं. म्हनून ह्ये शेजाऱ्याचं काढलं. चार वर्सं झाली, कोन चुकलं न्हाई." मी म्हटलं, मालकाला मी स्वतः सांगेन की तुझी चूक नाही. तेवढं मी त्याच टॅक्सीतून फोन करून सांगितलं. मालक तिकडून म्हणाले, "बाई मिळू देत आधी, चूक कोणाची ते नंतर वाटून घेऊ."

बाई मिळाल्या. बस जिथे उभी होती तिथेच, चपलांच्या दुकानापुढे, दुकानदाराने दिलेल्या स्टुलावर बसून भाजलेलं कणीस खात होत्या. समाधान त्यांच्या पाया पडायला वाकला, तर म्हणाल्या, "राहू दे, कणीस सांडेल."

मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं.

"बस सुटताना मी पलीकडच्या दुकानात होते. धावता येत नाही, हात केला. तुम्ही खिडकीतून माझ्याकडेच बघत होतात."

"मला दिसलं नाही हो."

"तुम्ही आले म्हणालात?"

"हो."

"माझ्या वतीने?"

मी मान हलवली. बाई म्हणाल्या, "छत्तीस वर्षं हजेरी घेतली मी. दुसऱ्याच्या नावाने हजर म्हणणाऱ्याला बाकावर उभं करायचे. तुमचं वय आड येतंय." कणसाचा एक दाणा काढून खाल्ला. "मी बसमध्ये नाही, हे कळायचा एकच रस्ता होता. तुमचं गप्प बसणं. तेवढंही तुम्हाला जमलं नाही."

मी तिथेच रडले. बाजारात, चपलांच्या दुकानापुढे. बाईंना वाटलं, त्यांच्या बोलण्याने. त्या जरा नरमल्या, अर्धं कणीस मला दिलं.

---

बुधवार, १२ फेब्रुवारी

काल इथवर लिहून थांबले होते. चहा केला, भांडी घासली, गॅलरीतल्या कुंड्या पुसल्या. कुंड्या कोणी पुसतं का? पत्र टेबलावरून माझ्याकडे बघत होतं.

तुला कळलं असेल मी कुठे निघाले आहे. आपण दोघी लहानपणापासून एकमेकींच्या वाक्यांचा शेवट ओळखत आलोय. पण हे वाक्य मला पुरं लिहायला हवं. तू ओळखलंस म्हणून मी सुटत नाही.

२०१८ चा ऑक्टोबर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठ दिवस आधी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "अक्का, आईला घेऊन जायला येते. आता तिला माझ्याकडेच राहू दे. पूर्वा झाल्यापासून घर भरलंय, तिलाही बरं वाटेल. दीक्षाभूमी रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, रोज नेऊन बसवीन. विचार तिला."

आईला फोनवर काही ऐकू येत नव्हतं. सगळं मी तिच्या कानात ओरडून सांगायचे आणि तिचं उत्तर तुला सांगायचे. अकरा वर्षं असंच चाललं होतं. तू म्हणालीस, विचार तिला. मी म्हटलं, थांब, विचारते. फोन टेबलावर ठेवला. आई समोरच खाटेवर बसली होती, शेंगा सोलत. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "चहा घेणार का?" ती नको म्हणाली. मी फोन उचलून तुला सांगितलं, "आई नको म्हणते. पुणं सोडवत नाही म्हणते."

तू विचारलंस, "माझ्याकडे नको म्हणते?" मी म्हटलं, "हो."

असं झालं ते.

आणि तेवढ्यावर थांबलं नाही. आई रोज विचारायची, हिराचा फोन काय होता? कधी येतेय न्यायला? तिला मनात ठाऊकच होतं की तू बोलावशील. चौथ्या दिवशी मी तिला सांगितलं, "हिराला सध्या जमत नाही. घरात लहान बाळ आहे." आई म्हणाली, "बरं." पुन्हा विचारलं नाही. तू रागावून पाच महिने फोन केला नाहीस, तेव्हा माझं सांगणं तिला खरंच वाटलं असणार. मार्चमध्ये ती गेली. तू आलीस, तिसऱ्या दिवशी परत निघालीस. दारात मला म्हणालीस, "जिवंतपणी तिला माझं घर नको होतं, आता मी थांबून काय करू?" तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी तुझ्या पिशवीत डब्याची पोळीभाजी ठेवत बसले.

का केलं, ते विचारशील. कारण काही उदात्त नाही. मी लग्न केलं नाही, अण्णा गेल्यावर आईचं सगळं मी केलं. तिचं औषध, तिची अंघोळ, तिचं रुसणं. आणि शेवटच्या वर्षी ती तुझ्याकडे जाणार, तिथे तिचं कौतुक होणार, आणि लोक म्हणणार, गोदाबाईंचं शेवटचं हिराने केलं. मला ते सोसवेना. तुझा मत्सर वाटला, हिरा. आणि भीतीही वाटली. आई गेली की या घरात मी कोणाला औषध देणार, हे मला माहीत नव्हतं. अजून माहीत नाही.

५६ साली सगळं घर दीक्षेला नागपूरला निघालं तेव्हा आई जाऊ शकली नाही, आठवा महिना होता. पोटात मी होते. हे ती किती हसून सांगायची, हिच्यापायी राहिले म्हणून. म्हणजे बघ, आईला नागपूरला जाऊ न देण्याचं काम मी जन्माच्याही आधीपासून करते आहे. पहिल्या वेळी माझा दोष नव्हता. दुसऱ्या वेळी सगळा होता.

आता एक गोष्ट, जी मी कोणालाच दाखवलेली नाही. आई गेल्यावर तिची खाट हलवली तेव्हा खाली भिंतीशी एक कापडी पिशवी सापडली. तिचं पांढरं लुगडं, इस्त्री केलेलं. वंदनेची चोपडी. फणी. आणि पिवळ्या लोकरीचं एक टोपडं, विणून पुरं केलेलं. पूर्वासाठी. पिशवीचं तोंड नाडीने बांधलेलं होतं. माझं "जमत नाही" ऐकूनसुद्धा तिने ती सोडली नव्हती, हिरा. पाच महिने बांधून ठेवली होती. तिला यायचं होतं. मी आजवर जे जे तुला सांगितलं त्यातलं हे एकच मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून यावर विश्वास ठेव. आईला तुझ्याकडे यायचं होतं.

टोपडं आता पूर्वाच्या बाहुलीला येईल. मी सहा वर्षं उशीर केला.

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो तेव्हा मी सुशीलाबाईंना यातलं बरंचसं सांगितलं. नाव न घेता, एका बहिणीने दुसरीच्या वतीने, असं. वाटलं, त्या शिव्या देतील किंवा पाठीवर हात ठेवतील. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला कशाला सांगताय? मला माझी बस मिळाली. जिची चुकली तिला सांगा." आणि शाल ओढून झोपल्या. पुण्यापर्यंत घोरत होत्या.

उतरताना मात्र स्वतःचा नंबर एका कागदावर लिहून दिला. म्हणाल्या, "फोन करा. मी उचलला नाही तर घंटा वाजतेय एवढंच समजा." बाई माझं सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या तर.

म्हणून हे पत्र. फोन नाही केला, कारण फोनवर मी तुझ्या आधी बोलते. तू श्वास घेतलास की मी त्याचा अर्थ लावते आणि उत्तर देऊन मोकळी होते. कागदावर तसं करता येत नाही. इथे तुझी जागा कोरीच राहते.

माफी माग असं मीच मला सांगत होते, पण सारखं वाटतं की माफी मागताना "हिरा समजून घेईल" हेही मी मनात धरून चालले आहे. तेही तुझ्या वतीनेच झालं. तेव्हा फक्त एवढंच: मी खोटं बोलले. तुझ्याशी आणि आईशी. मला त्याचं फार दुःख आहे. तू काय करायचं ते तुझं आहे. आईपुढे तर मला हे आता कधीच सांगता येणार नाही.

१६ मार्चला आईच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन आहे. यंदा रविवार आलाय. भन्ते सकाळी दहाला येतील, मग खीर आणि जेवण, नेहमीचंच. काल आत्याच्या लेकीच्या केदारचा फोन होता, जेवायला किती माणसं धरायची म्हणून. त्याने दर वर्षी विचारतो तसं विचारलं, "हिरामावशी येतेय का?" गेली पाच वर्षं मी ताबडतोब सांगत आले, "तिला नाही रे जमत." एकदाही तुला विचारलं नव्हतं.

काल मी म्हटलं, "मला माहीत नाही. तिला विचारते."

केदार म्हणाला, "मग धरू की नको?" मी म्हटलं, "तिचं उत्तर येईपर्यंत काहीच धरू नकोस."

पिशवी मी कुरिअरने पाठवू शकते. तू येऊन नेऊ शकतेस. माझ्याकडेच राहू दे म्हणू शकतेस. किंवा यातलं काहीच न म्हणता हे पत्र कपाटावर टाकू शकतेस. पिशवीची नाडी मी आईने बांधली होती तशी परत बांधून ठेवली आहे. मला तिच्यासारखी गाठ येत नाही, पण प्रयत्न केला.

सहा वर्षांपूर्वी विचारायचं होतं ते आज विचारते. आणि विचारून झाल्यावर, शप्पथ, गप्प बसते.

हिरा, येशील का?

घंटा वाजते आहे, एवढंच सांगणारी,

शालन